सुवर्णकण रंगपालट चाचणी

सुवर्णकण रंगपालट चाचणी : मासळी, दूध, पाणी इत्यादींतील प्रतिजैविकांचा अंश सोन्याच्या अब्जांश (नॅनो) कणांच्या द्रावाचा रंग बदलतो यावरून ओळखण्याची पद्धती. साधारण १३ नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात सुटे असताना ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. द्राव तेव्हा पातळ कोकम सरबतासारखा लाल दिसतो. कण एकमेकांना चिकटले की तो जांभळा व पुढे निळा होतो.

या लाल द्रावाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये रंगाचे कारण कणांची सूक्ष्मता हे सांगितले. मिठाने द्राव निळा पडतो हेही त्यांनी पाहिले होते. त्याआधीचे ‘कॅसियसचे जांभळे’ (सोने व कथील यांपासूनचे रंगद्रव्य) अँड्रियास कॅसियस यांच्या नावावर चालते, पण सतराव्या शतकातील रसायनज्ञ ग्लाउबर यांचे वर्णन बहुधा त्याहून जुने असावे. आयुर्वेदातील सुवर्णभस्माशी नाते जोडणे मात्र ओढाताणीचे वाटते : भस्म हे पुटे देऊन (वारंवार भाजून) केलेले चूर्ण, द्रावात सुटे राहणारे कण नव्हेत. सोन्याच्या क्षारापासून सायट्रेटने असे कण बनवण्याची आज रूढ असलेली कृती टर्केविच व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली.

चाचणीच्या एका प्रचलित प्रकारात डीएनएचा एकेरी धागा (ॲप्टामर) कणांना वेढून मिठापासून राखतो. प्रतिजैविक आले की धागा त्याला जाऊन मिळतो, उघडे पडलेले कण मिठाने गोळा होतात. निदान मूळ स्पष्टीकरण असे. कॅनामायसिन या प्रतिजैविकासारखी अमिनो गट (नायट्रोजनयुक्त अणुगट) असलेली द्रव्ये थेट सोन्यालाच चिकटतात, हा आक्षेप नंतर आला व तो अधिक सयुक्तिक दिसतो. धाग्याविना केलेली तुलना नसेल तर निळा रंग पुरावा ठरत नाही.

गोव्यात हा प्रश्न खाजनांपाशी (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींपाशी) येऊन ठेपतो. मानशीतून (बांधातील झडपेच्या दारातून) भरतीचे पाणी घेऊन वाढवलेल्या सुंगटांचा (कोळंबीचा) अर्क जात्याच खारट असतो. मीठ हेच चाचणीचे हत्यार, त्यामुळे नमुना पुरेसा पातळ न केल्यास औषधाचा मागमूस नसतानाही नळी निळी होऊ शकते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना भारतीय मत्स्यशेतीत बंदी आहे. मासळीत टेट्रासायक्लिनची मर्यादा किलोला ०·१ मिलिग्रॅम. म्हणून निळ्या नमुन्याची खातरजमा वस्तुमान वर्णपटमितीनेच (रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखून) करतात.

दुधात अडचण उलटी : प्रथिने कणांना वेढून लाल रंग टिकवतात, तेव्हा ती आधी साकळून गाळावी लागतात.