पार्श्वभूमी : पिएर बुलेझ आणि १९६६चा नकार

‘१९६६ साली सरकारवर रागावून त्यांनी फ्रान्स सोडला’ हे वाक्य फ्रेंच संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक पिएर बुलेझ यांच्यावरच्या लेखांत हमखास भेटते. ते अर्धेच खरे. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला त्यांनी १९५९मध्येच बिऱ्हाड हलवले होते. १९६६ला तुटले ते फ्रान्सच्या सरकारी संगीताशी असलेले नाते.

आधीचा प्रवास थोडक्यात. जन्म १९२५चा, मोंब्रिझाँ या छोट्या गावातला. गणित सोडून पॅरिस, १९४६पासून एका नाटक कंपनीचे संगीतप्रमुख, १९५४पासून समकालीन संगीताच्या स्वतःच्या मैफली. वाद्यवृंद-संचालनाचे रीतसर शिक्षण नाही. नवे संगीत नीट वाजवून घेणारे मिळेनात, म्हणून स्वतःच उभे राहिले. (‘कंडक्टर’ म्हटले की आपल्याला एसटी आठवते, म्हणून इथे ‘संचालक’.) रचनाकार म्हणून ‘ल मार्तो साँ मॅत्र’ या रचनेने १९५५मध्ये नाव झाले.

आता तो नकार. संस्कृतिमंत्री हे स्वतः गाजलेले कादंबरीकार आणि राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या विश्वासातले. मंत्रालयात संगीताची सूत्रे कोणाकडे द्यायची यावर दोन तट पडले होते. बुलेझ ज्यांच्या बाजूने होते, त्या अधिकाऱ्यांचा कल नव्या संगीताकडे होता. मंत्र्यांनी निवडले ते परंपरेशी नाते राखणाऱ्या एका संगीतकाराला. बुलेझ यांनी एका साप्ताहिकात जळजळीत लेख लिहिला आणि फ्रान्समधल्या सरकारी संगीतसंस्थांसोबत काम करायचे थांबवले. त्यांचा मुद्दा होता की, या जागेवर संगीतकार नको, कारभार जाणणारा माणूस हवा. मुद्दा बिनतोड वाटतो, पण नेमणूक त्यांच्या पसंतीच्या संगीतकाराची झाली असती, तर तो इतक्या जोरात मांडला गेला असता का, अशी शंका राहतेच.

बुलेझ यांनी ज्यांची नेमणूक नाकारली, त्या गृहस्थांनी प्रांतोप्रांती संगीतशाळा आणि वाद्यवृंद उभे करण्याची योजना पुढे रेटली. बुलेझप्रेमी लेखनात ही बाजू एका ओळीत उरकली जाते. पॅरिसबाहेर वाढणाऱ्या मुलाला हातात व्हायोलिन मिळण्यासाठी मात्र त्या शाळांचेच मोल मोठे.

नकाराचा फायदा परदेशांना झाला. १९७१मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क अशा दोन शहरांतल्या मोठ्या वाद्यवृंदांची जबाबदारी एकाच वेळी त्यांच्याकडे आली. न्यूयॉर्कला १९७३मध्ये त्यांनी सभागृहातल्या खुर्च्या काढून सतरंज्या अंथरल्या आणि श्रोत्यांना जमिनीवर बसवले. बैठकीला सरावलेल्या आपल्याला यात काय नवल, पण तिथे ती बातमी झाली. तिथून ते १९७७मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ती जागा मुंबईत जन्मलेल्या पारशी संचालकाकडे गेली. मधल्या काळात, १९७६मध्ये, जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवाच्या शताब्दीचे ‘रिंग’ (वाग्नरची चार ऑपेरांची मालिका) त्यांच्या संचालनाखाली झाले. पहिल्या वर्षी शिट्ट्या आणि आरडाओरडा, १९८०च्या अखेरच्या प्रयोगांना मात्र टाळ्या थांबेनात.

परतण्याचे दार उघडले ते नव्या राष्ट्राध्यक्षांनी. १९७०मध्ये त्यांनी बुलेझ यांना संगीत आणि तंत्रज्ञानाची संशोधनसंस्था उभारायला बोलावले. ती १९७७मध्ये मध्य पॅरिसमध्ये, बरीचशी जमिनीखाली, सुरू झाली. पैसा सरकारी, आणि प्रमुखपदी संगीतकारच! हा विरोधाभास टीकाकारांनी सोडला नाही. एकाच पंथाच्या संगीतावर इतका खर्च का, हाही सवाल झाला. तिथेच त्यांची ‘रेपाँ’ ही रचना आकाराला आली. त्यात वाद्यवृंद मध्यभागी, श्रोते त्याच्याभोवती आणि त्यांच्याही भोवती सहा एकलवादक. त्या सहांचा आवाज संगणक क्षणात बदलतो. पहिले सादरीकरण १९८१चे, रचना मात्र ते पुढेही वाढवत राहिले.

पॅरिसला मोठे आधुनिक सभागृह हवे, हा धोशा त्यांनी अनेक वर्षे लावला. ते जानेवारी २०१५मध्ये उघडले तेव्हा आजारपणामुळे ते येऊ शकले नाहीत. ५ जानेवारी २०१६ रोजी बाडेन-बाडेनलाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर पॅरिसमधल्या त्या मुख्य सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले.