यूल यांची तळटीप: युरोपातल्या रिग्रेशनची पार्श्वभूमी

युरोपातल्या आरोग्यविषमतेवरचा कुठलाही अभ्यास उघडा, एक वाक्य हमखास भेटतं: वय, शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान हे सगळं लक्षात घेतल्यावरही समाजगटांच्या आरोग्यातला फरक उरतोच. हे ‘लक्षात घेणं’ रिग्रेशन नावाच्या गणिती पद्धतीने होतं. आज संगणकावर त्याला क्षणभरही लागत नाही. पण ही पद्धत माणसांच्या प्रश्नांपर्यंत कशी पोचली, हे ठाऊक असेल तर त्या वाक्यावर किती भार टाकायचा ते कळतं.

गणित आलं आकाशातून. धूमकेतूंच्या कक्षा काढताना मोजमापात चुका राहतात. त्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेषा निवडायची, ही फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांची १८०५ सालची रीत. ‘रिग्रेशन’ हे नाव मात्र इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांच्यामुळे रुजलं. १८८६ साली त्यांनी २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंच्या मांडल्या. बायकांच्या उंचीला १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या मापात आणली. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण तेवढी नाही. ती सरासरीकडे परत येतात. हे परत येणं म्हणजे रिग्रेशन. गॉल्टन यांचा यामागचा हेतू माणसांची ‘पैदास सुधारण्याचा’ होता. पद्धत उपयोगी ठरली म्हणून तो डाग झाकून ठेवू नये.

समाजाच्या प्रश्नाला या पद्धतीने पहिल्यांदा गंभीरपणे हात घातला तो ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी यूल यांनी, १८९९ साली. प्रश्न गरिबांचा होता. १८३४ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये मदत मागणाऱ्याला शक्यतो ‘वर्कहाउस’मध्ये दाखल करावं, असं धोरण होतं. तिथलं जिणं मुद्दाम कष्टाचं ठेवलेलं असे. तरीही अनेक ठिकाणी लोकांना घरीच राहू देऊन मदत मिळत असे. तिला ‘आउट-रिलीफ’ म्हणत. घरपोच मदतीने गरिबी फोफावते, असा एक पक्ष होता. आकडे तसं दाखवत नाहीत, असं म्हणणारेही होते.

यूल यांनी १८७१, १८८१ आणि १८९१ च्या जनगणना घेतल्या आणि मदत वाटणाऱ्या स्थानिक युनियनांचे (म्हणजे अनेक पॅरिश एकत्र करून केलेल्या कारभाराच्या विभागांचे) ग्रामीण, मिश्र, शहरी आणि लंडनचे असे गट पाडले. दोन दशकांत मदतीवर जगणाऱ्यांचं प्रमाण किती बदललं, हे त्यांना सांगायचं होतं. पण म्हाताऱ्यांची संख्या वाढली तरी ते प्रमाण बदलणार, लोकसंख्या वाढली तरी बदलणार. म्हणून हे दोन घटकही त्यांनी समीकरणात घातले. लंडनच्या युनियनांसाठी १८७१ ते १८८१ या दशकात समीकरणात घरपोच मदतीपुढचा गुणक, म्हणजे तिच्या परिणामाचं माप, आला ०.७५५. म्हणजे म्हातारे आणि लोकसंख्या यांतला बदल सारखा धरला, तर घरपोच मदतीचं प्रमाण एका टक्क्याने बदललं की गरिबांचं प्रमाण सुमारे पाऊण टक्क्याने त्याच दिशेने बदलतं. ‘बाकी सगळं सारखं धरलं तर’ हा आज ओठांवर रुळलेला शब्दप्रयोग इथे प्रत्यक्ष आकड्यांत उतरला.

गरिबांतला बदल घरपोच मदतीतल्या बदलामुळे झाला, असं यूल यांनी लिहिलं. आणि खाली एक तळटीप दिली: काटेकोरपणे पाहता ‘मुळे’ ऐवजी ‘शी निगडित’ असं वाचावं.

ही तळटीप मला त्या लेखातली सगळ्यात प्रामाणिक ओळ वाटते, आणि सगळ्यात अपुरीही. कारण धोरण ठरवणारा वरचं वाक्य वाचतो, खालची टीप नाही. १९१० साली अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी नेमकं बोट ठेवलं: ज्या युनियनांचा कारभार चांगला, त्यांनीच घरपोच मदत कमी केली असेल आणि गरिबीही त्यांच्याकडेच घटली असेल. मग श्रेय मदत कापण्याचं की कारभाराचं? कारभाराचा दर्जा समीकरणात नव्हता, कारण तो मोजलेलाच नव्हता. जे मोजलं नाही ते ‘सारखं धरता’ येत नाही.

आरोग्याच्या बाबतीत याच युक्तीने उलटा धक्का दिला. १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात लंडनमधले १७,५३० पुरुष सरकारी कर्मचारी होते. साडेसात वर्षांच्या नोंदी पाहून १९७८ साली साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ३.६ पट आहेत. शिपाई जास्त विड्या-सिगारेटी ओढतात, रक्तदाब जास्त, व्यायाम कमी. हे सगळं खरंच होतं. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान सगळं हिशेबात धरूनही श्रेणीचा परिणाम ठळकच राहिला. हे सगळे पगारदार, एकाच शहरात सरकारी नोकरी करणारे लोक. यूल यांना जे मोजलं त्यातून उत्तर मिळालं. इथे जे मोजूनही उरलं, त्यानेच नवा प्रश्न उभा केला.

पुढे अनेक देशांची तुलना करायची, तर सगळीकडे एकच प्रश्नावली हवी. २००२ पासून युरोपियन सोशल सर्व्हे दर दोन वर्षांनी होतो; २०१४ च्या फेरीत आरोग्यविषमतेचा खास भाग होता. २००४ पासून ‘शेअर’ हा पन्नाशीपुढच्यांचा अभ्यास चालू आहे. त्यात मुलाखत घेणारा घरी जाऊन एक छोटं यंत्र हातात देतो आणि जोर लावून दाबायला सांगतो. तब्येत ‘बरी’ की ‘उत्तम’ हे प्रत्येक देशात वेगळ्या सुरात सांगितलं जातं, पण हाताच्या पकडीचे किलो सगळीकडे तेच.

याच काळात रॉटरडॅमचे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक योहान माकेनबाख आणि सहकाऱ्यांनी २००८ साली २२ देशांची तुलना केली. कमी शिकलेले आणि जास्त शिकलेले यांच्या मृत्युदरांतली दरी दक्षिण युरोपात काही ठिकाणी लहान निघाली, पूर्वेकडे आणि बाल्टिक देशांत फार मोठी. कल्याणकारी राज्याचा आदर्श मानला जाणारा स्वीडन पहिल्या नंबरावर येईल ही अपेक्षा फोल ठरली. दक्षिणेतल्या लहान दरीमागे धूम्रपानाचा इतिहास आहे, अशी एक बाजू मांडली जाते: तिथे सुशिक्षितही बराच काळ सिगारेट ओढत राहिले.

अशा तुलनेत माणसं हजारोंनी असतात, पण देश वीस-तीसच. माणूस घरात, घर प्रदेशात, प्रदेश देशात, अशी उतरंड हाताळणारी बहुस्तरीय रिग्रेशनची रीत संख्याशास्त्रज्ञ हार्वी गोल्डस्टीन यांनी १९८६ पासून लंडनमध्ये घडवली. ती निदान हे लपवत नाही की आरोग्यधोरणाबद्दल बोलताना आपल्या हाती चाळीस हजार नव्हे, पंचवीसच नोंदी आहेत. त्यातला एक देश वगळला तरी गुणक हलू शकतो.