श्रमपरिहार

श्रमपरिहार : कामाने आलेला शीण घालवून पुन्हा काम करण्याजोगी शक्ती मिळवणे; तसेच एखादे मोठे काम पार पडल्यावर ते करणाऱ्यांनी एकत्र बसून केलेले जेवण. आज दुसरा अर्थच जास्त रूढ आहे. गणपती विसर्जनानंतर मंडळाच्या कार्यकर्त्यांचा, स्नेहसंमेलनानंतर शिक्षकांचा आणि निवडणुकीनंतर पक्षाच्या लोकांचा श्रमपरिहार होतो (शेवटच्या प्रकारात हा भारदस्त शब्द ताटातल्या व पेल्यातल्या बऱ्याच गोष्टींवर पांघरूण घालतो). प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या अर्थाचा विचार केला असून उदाहरणे नाशिक शहर व जिल्ह्यातील घेतली आहेत.

संस्कृतातील ‘श्रम्’ या धातूला कष्ट करणे व थकणे असे दोन्ही अर्थ आहेत; मराठीने ‘श्रम’ कष्टांसाठी ठेवला आणि थकव्यासाठी ‘शीण’ वापरला. ‘श्रमपरिहार’ या समासात मात्र जुना, थकव्याचा अर्थ टिकून राहिला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ‘श्रमहर’ म्हणून दहा द्रव्ये सांगितली आहेत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल (चारोळी), बदर (बोर), दाडिम, फल्गू, परूषक (फालसा), इक्षू (ऊस), यव व षष्टिक (साठी तांदूळ). यांपैकी फल्गू म्हणजे नेमके काय, याविषयी एकमत नाही. काही जण ते अंजीर मानतात, तर काही रानउंबराचा प्रकार. फळांच्या यादीतील त्याचे स्थान पाहता अंजीरवर्गातील खाण्याजोगे फळ अभिप्रेत असावे, एवढेच म्हणता येते. यादीतील बहुतेक द्रव्ये गोड व रसाळ आहेत, त्यावरून येथील श्रम प्रामुख्याने शरीराचा असावा. यादीच्या आरंभी द्राक्षे आहेत आणि नाशिक जिल्ह्यात ती पिकवण्यासाठी होणारे श्रम थोडे नाहीत, हा केवळ योगायोग.

कृषिजीवनात श्रमपरिहार कामातच गुंफलेला असे. इर्जिकीत गावकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात राबत आणि त्याच दिवशी त्याच्याकडे जेवत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद व लोणी किंवा तूप चोळतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे आमंत्रण देतात आणि दुसऱ्या दिवशी औताला जुंपत नाहीत. शेतमजुराची सुट्टी बहुधा आठवडे बाजाराच्या वाराला बांधलेली असते. नाशिक शहरात गोदाकाठी भरणारा बाजार बुधवारचा. जिल्ह्यातील बाजार समित्यांत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. तिचे कारण धार्मिक मानले जाई. हमाल-मापाऱ्यांना त्यातून आपोआप विसावा मिळे, हे फारसे कोणी नोंदवलेले नाही.

कारखान्यातील आठवडी सुट्टीचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांना दिले जाते. त्यांच्या पुढाकाराने २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली व १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारण मागणीत दिले होते, असे सांगतात. मात्र ‘भारतात रविवारची सुट्टी लोखंड्यांमुळे सुरू झाली’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. सरकारी कचेऱ्यांत व न्यायालयांत ती आधीपासून होती. त्यांनी ती गिरणीच्या दरवाजाच्या आत आणली, असे म्हणणे अधिक योग्य. कामाच्या तासांवरील मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली : आठवड्याला १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये (बारमाही कारखान्यांसाठी) ५४ व १९४६ मध्ये ४८ तास. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हेच ४८ तास कायम केले; सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर याही तरतुदी त्यात होत्या. दुप्पट दराचा हेतू मालकाला जादा कामापासून परावृत्त करण्याचा होता, पण कामगार तो मिळकतीचा भाग समजू लागला आणि ‘ओटी’ (ओव्हरटाइम, म्हणजे जादा काम) बंद झाली की तक्रार उलट बाजूने येऊ लागली.

देवळालीचा पुरावा : विश्रांतीचा उलटा दाखला नाशिकच्या शेजारीच मिळतो. देवळाली येथील ब्रिटिश लष्करी तळावर मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत. जहाजे प्रामुख्याने हिवाळ्यात सुटत. हंगाम चुकला, तर काही महिने विशेष काम नसताना काढावे लागत. यातून सैनिकी बोलीत ‘डुलाली टॅप’ हा शब्दप्रयोग आला व पुढे नुसता ‘डुलाली’ शब्द वेडसर या अर्थी इंग्रजीत रुळला. ‘डुलाली’ म्हणजे देवळाली याबद्दल शंका नाही. ‘टॅप’ हा हिंदुस्थानीतील ‘तप’ किंवा ‘ताप’ (ज्वर) असावा, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. वाद आहे तो कारणाविषयी. एका मतानुसार तळावर मनोरुग्ण सैनिकांना ठेवत, म्हणून गावाच्या नावाला हा अर्थ चिकटला. दुसऱ्या मतानुसार रिकामपण, उकाडा, दारू व ज्वर यांनी धडधाकट माणसेही बिघडत. सैनिकांच्या आठवणींचा कल दुसऱ्या मताकडे आहे आणि तेच अधिक संभाव्य वाटते. काम नसणे म्हणजे श्रमपरिहार नव्हे, एवढे यावरून स्पष्ट होते.

आधुनिक अभ्यास : कामाच्या दीर्घ ताणाने येणाऱ्या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांच्या अनुभवावरून रूढ केले. स्थिर मराठी प्रतिशब्द अद्याप नाही. क्रिस्टिना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मोजपट्टी तयार केली. तीत शक्ती संपल्याची भावना, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही जाणीव अशी तीन अंगे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल २०२२ पासून) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून आहे. त्यामुळे तिचे खापर एकट्या कामगाराच्या मनोबलावर फोडता येत नाही.

जास्त तास म्हणजे जास्त काम, या समजाला पहिला मोठा धक्का पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या पाहणीने दिला. त्याच आकडेवारीच्या २०१४ मधील फेरतपासणीत आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढते व पुढे वाढीचा वेग मंदावतो, असे दिसले. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग व इतरांच्या संशोधनाने घरी गेल्यावर कामापासून मन सुटण्याला महत्त्व दिले आहे. मोबाइलवर कामाचा गट चालू असेल, तर पाळी संपूनही ती संपत नाही.

नाशिक : नाशिकरोडची मुद्रणालये, ओझरचा विमान कारखाना (१९६४) आणि सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींमुळे पाळीचे जीवन येथे दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाचे आहे. रात्रपाळीत शरीराचे घड्याळ उलटे फिरते आणि दिवसा घरात पुरती झोप मिळत नाही. पाळी वारंवार बदलत गेल्यास त्रास वाढतो. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, पण रोजचे तास त्यासाठी वाढवावे लागले.

द्राक्षबागेत कामाचा ताण वर्षभर सारखा नसतो. ऑक्टोबर छाटणीपासून फवारणी, विरळणी, जीएच्या (जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या) द्रावणात घड बुडवणे ही कामे एकामागून एक येतात. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या बहुधा उक्ते काम घेतात, त्यामुळे तासांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. काढणी झाल्यावर एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी बागेला काही आठवडे विश्रांती देतात. वेलीने खोडात व मुळांत अन्नसाठा भरून घ्यावा, हा तिचा उद्देश. ती न दिल्यास, किंवा आधी वेलीवर पेलवण्यापेक्षा जास्त घड ठेवल्यास, पुढच्या वर्षीची काडी कमजोर निघते. याच आठवड्यांत बागाइतदार हिशेब, कर्जफेड व लग्नकार्ये उरकतात. टोळ्या गावी परततात.