मांडवीवरील पूल (पणजी)

मांडवीवरील पूल : गोव्याची राजधानी पणजी (तिसवाडी तालुका) आणि समोरच्या तीरावरील बेती-पर्वरी (बार्देश तालुका) यांना जोडणारे रस्तापूल. सध्या येथे शेजारीशेजारी तीन पूल उभे आहेत. मुंबई व सिंधुदुर्गाकडून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने (पूर्वीचा क्र. १७) येणारी बहुतेक वाहतूक त्यांवरून पणजीत उतरते. पणजी व रायबंदर यांच्यामधला सतराव्या शतकातील लिन्यारिशचा पूल मात्र नदी ओलांडत नाही. तो तीराला समांतर जातो. तरी मांडवीच्या पुलांचा इतिहास त्याच्यापासून सांगण्याची प्रथा आहे आणि ती येथे पाळली आहे.

मांडवी ही वरच्या टप्प्यात म्हादई म्हणून ओळखली जाते. ती बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या परिसरात उगम पावते. तिची लांबी ७७ किमी., त्यांपैकी २९ किमी. कर्नाटकात व ५२ किमी. गोव्यात, हे आकडे वर्षानुवर्षे एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत आले आहेत. त्यांची बेरीज ८१ येते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. अलीकडच्या संदर्भांत ८१ किमी. हाच आकडा आढळतो. पुलांच्या दृष्टीने नदीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, पणजीजवळ ती नदी कमी आणि खाडी जास्त आहे : भरतीचे खारे पाणी आत दूरवर चढते. दुसरी, डिचोली-सांगे पट्ट्यातील खाणींचे लोहखनिज बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू नौकांतून) मुरगाव बंदराकडे याच पात्रातून जात आले. पावसाळ्यात मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा बांध साचला की हे बार्ज कुंभारजुवे कालव्याने जुवारी नदीत उतरतात. एरवी पुलाखालूनच त्यांची ये-जा. त्यामुळे पूल उंच आणि मधले गाळे (दोन खांबांमधली अंतरे) रुंद ठेवणे भाग होते.

लिन्यारिशचा पूल पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) मिगेल द नोरोन्या याच्या कारकीर्दीत (१६२९–३५) बांधला गेला. बांधकामाचे वर्ष सामान्यतः १६३३–३४ असे देतात आणि ते ग्राह्य मानण्यास हरकत नाही. नोरोन्या हा लिन्यारिशचा तिसरा उमराव (काउंट) की चौथा, याविषयी मात्र ग्रंथांत एकवाक्यता नाही. त्याची रोजनिशी विसाव्या शतकात लिस्बन येथे छापली गेली तेव्हा तिच्यावर ‘तिसरा’ असा उल्लेख आला; वंशावळीच्या आधारे लिहिणारे त्याला चौथा म्हणतात. पुलाच्या इतिहासाला याने काही बाध येत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न उद्देशाचा. १६३३ मध्ये राजधानी आजच्या जुन्या गोव्यात होती. पणजीत आदिलशाही वाडा, थोडी वस्ती आणि माडांची बने यांपलीकडे फारसे काही नव्हते. विजरईंचे वास्तव्य पणजीत आले ते १७५९ मध्ये आणि पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये. मग सव्वाशे वर्षे आधीच, दलदलीतून सु. ३ किमी. लांबीचा बांधीव रस्ता कशासाठी? राजधानी हलवण्याची ही पूर्वतयारी होती, हे मत आकर्षक असले तरी मागाहून सुचलेले वाटते. नदीमुखाच्या संरक्षणाचे कारण अधिक पटते. रेइश मागुश (१५५१) व आग्वाद (१६१२) हे किल्ले मुखावरच होते, डच आरमाराचा धोका सतत जाणवत होता, आणि राजधानीतून मुखाकडे माणसे व सामान नेण्यासाठी भरती-ओहोटीवर अवलंबून नसलेली वाट हवी होती. याच विजरईने जानेवारी १६३५ मध्ये इंग्रजांशी तह करून एक आघाडी शांत केली, यावरूनही त्याच्या चिंतेची दिशा कळते.

बांधणी जांभ्या दगडाची व चुन्याची आहे. नदीच्या बाजूने भरीव भिंत आणि जागोजाग कमानी, अशी रचना आहे. कमानींतून भरतीचे पाणी दक्षिणेकडच्या मिठागरांत व खाजणांत (खाडीकाठच्या सखल खारजमिनींत) शिरते आणि ओहोटीला बाहेर पडते. त्या नसत्या तर पाण्याच्या दाबाने बांध केव्हाच फुटला असता. देखरेख जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांनी केली असे सांगतात. पायाखाली जांबा या टणक झाडाचे ओंडके अंथरल्याचीही माहिती परंपरेने चालत आलेली आहे. ती असंभवनीय नाही, कारण चिखलात कायम बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही व ते शतकानुशतके कुजत नाही. ‘त्या काळचा आशियातील सर्वांत लांब पूल’ हा वारंवार केला जाणारा दावा जपून घ्यावा. चीनमधील फूजियेन प्रांतातील बाराव्या शतकातला आनपिंग पूल सु. २ किमी. लांब असून तो सलग पूल आहे. लिन्यारिशचा पूल हा बराचसा बांध आणि थोडा पूल आहे. दोहोंची तुलना कशी करायची, यावरच उत्तर ठरते.

प्रत्यक्ष पात्रावर मात्र पोर्तुगीज अमदानीच्या अखेरपर्यंत पूल झाला नाही. पणजी ते बेती ही वाट होडीची आणि पुढे फेरीबोटीची राहिली. गोवा मुक्त झाल्यावर (१९ डिसेंबर १९६१) दयानंद बांदोडकर यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात पहिला पूल झाला. तो वाहतुकीस खुला झाल्याचे वर्ष काही ठिकाणी १९७०, तर काही ठिकाणी १९७१ असे दिलेले आढळते. नेहरू पूल या नावाने तो ओळखला जाई.

हा पूल पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा होता. साधे काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. म्हणून पोलादी तारांचे जुडगे नळीतून ओवून जोराने ताणतात आणि टोकांना घट्ट अडकवतात. आखडू पाहणाऱ्या तारा काँक्रीटला कायम दाबून धरतात आणि वाहनांच्या भाराने येणारा ताण त्या दाबातच विरतो. खोल, वाहत्या पात्रात खालून आधाराचा सांगाडा उभारणे अवघड असल्यामुळे खांबापासून दोन्ही अंगांना तोल राखत तुकड्यातुकड्याने पुढे जाण्याची कँटिलिव्हर पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत रूढ झाली. भारतात ती १९६१ मध्ये सिलचर येथील बराक नदीवरील पुलात वापरली गेली. त्या पिढीतील अनेक पुलांत दोन बाजूंनी आलेले बाहू गाळ्याच्या मध्यावर बिजागरीने जोडले जात. गणित सोपे व्हावे, हा त्यामागचा हेतू. पुढे मात्र हाच दुबळा बिंदू ठरला : काँक्रीट वर्षानुवर्षे सावकाश वाकत राहते, मध्यावर खळगा पडतो, सांध्यावर चाके आदळू लागतात, बिजागरी झिजते आणि उघड्या पडलेल्या फटीतून पावसाचे पाणी आत जाते. पाटण्याच्या महात्मा गांधी सेतूची (१९८२) वरची बांधणी पुढे उतरवून तिथे पोलादी सांगाडा बसवावा लागला, तो याच प्रकारच्या दुखण्यांमुळे.

५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, मांडवी पुलाचा काही भाग नदीत कोसळला. तेव्हा पुलाचे वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षे होते. अभियांत्रिकी वाङ्मयात या घटनेची नोंद तारा गंजून कोसळलेल्या पुलांमध्ये केली जाते आणि तिच्या जोडीने वेल्समधील इनिस-इ-ग्वास हा पूल (४ डिसेंबर १९८५) सांगितला जातो. ताणलेल्या तारांभोवतीची नळी सिमेंटच्या पातळ लापशीने पूर्ण भरायची असते. ती अर्धवट भरली तर पोकळी राहते. तिथे खारट दमट हवा पोचली की तारांचा एकेक धागा तुटत जातो आणि बाहेरच्या काँक्रीटवर ओरखडाही दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये अशा पद्धतीच्या नव्या पुलांवर काही वर्षे बंदीच घातली गेली. लोकांच्या बोलण्यात मात्र निकृष्ट कामावर बोट ठेवले जाते. गंज आणि निकृष्ट काम ही दोन कारणे परस्परविरोधी मानण्याची गरज नाही : लापशी नीट न भरणे हे कामातले वैगुण्य आणि त्याचा परिणाम गंज. साडेतीनशे वर्षांचा लिन्यारिशचा पूल टिकला आणि काँक्रीटचा पडला, अशी तुलना मात्र वारंवार होत असली तरी न्याय्य नाही. एक उथळ चिखलावरचा, फक्त दाब सोसणाऱ्या दगडाचा. दुसरा खोल पात्रावरचा, बार्जना वाट देणारा व अवजड ट्रक वाहणारा.

पूल पडल्यावर काही काळ सगळी भिस्त पुन्हा फेरीबोटींवर आली. पुढे १९९० च्या दशकात दोन समांतर पूल वापरात आले. एकावरून पणजीकडे येणारी, दुसऱ्यावरून म्हापशाकडे जाणारी वाहतूक चालते. वाहनांची गर्दी त्यांनाही आवरेना, म्हणून या दोहोंच्या मधून, त्यांच्यापेक्षा उंचावरून तिसरा पूल नेण्यात आला. त्याचे नाव अटल सेतू. जोडरस्ते धरून लांबी सु. ५.१ किमी. असून नदीवरचा भाग मनोऱ्यांतून तिरप्या ताणलेल्या केबलींनी पेललेला आहे. गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळासाठी लार्सन अँड टुब्रो कंपनीने तो बांधला. २७ जानेवारी २०१९ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते, मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत उद्‌घाटन झाले. मेरशीच्या बाजूने फोंड्याकडे जाणाऱ्यांना त्यामुळे पणजी शहरात शिरावे लागत नाही. दुचाकी व तीनचाकी वाहनांना त्यावर प्रवेश नाही.

पाहणाऱ्याने पणजी-बेती फेरीबोटीतून पूर्वेकडे नजर टाकल्यास नव्वदच्या दशकातले पूल व त्यांच्या वरचा अटल सेतू एकाच दृष्टिक्षेपात येतात. लिन्यारिशच्या पुलावरून जाताना आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. उत्तरेला नदी, दक्षिणेला खारफुटी व मिठागरे आणि मध्ये साधा डांबरी रस्ता एवढेच दिसते. कमानी पाहायच्या तर ओहोटीच्या वेळी खाली उतरावे लागते. पाणी जिथवर चढते तिथवर जांभ्याचा रंग काळपट असतो, वर तांबडा.

गोव्यातीलच जुवारी नदीवरील १९८३ चा पूल वर सांगितलेल्या, मध्यावर बिजागरी असलेल्याच प्रकारचा. तो पडला नाही, पण त्यावरून जड वाहने नेण्यास पुढे बंदी करावी लागली. त्याच्या शेजारच्या केबल-आधारित नव्या पुलाचा पहिला मार्ग २९ डिसेंबर २०२२ रोजी, तर दुसरा २०२३ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला.