एनर्जी मॉडेलची फाइल परत का येते? एसी-हीटिंगच्या नोंदी, पात्रता आणि कागदपत्रं

लीड या हरित इमारत प्रमाणपत्रासाठी इमारतीच्या वर्षभराच्या ऊर्जावापराचं संगणकीय मॉडेल (एनर्जी मॉडेल) द्यावं लागतं. त्याची फाइल परीक्षकाच्या शेऱ्यांसह परत आली की अर्जदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बचत कमी पडली का?" बहुतेक वेळा बचत पुरेशी असते. अडतं ते एसी आणि हीटिंगच्या नोंदींवर. भिंती, काचा, दिवे यांवरचे शेरे एका उत्तरात मिटतात, सिस्टिमवरचे शेरे मात्र दुसऱ्या फेरीतही पाठ सोडत नाहीत. म्हणून इथे बाकीच्या गोष्टी धावत्या सांगतो आणि सिस्टिमपाशी थांबतो.

खालचे नियम लीड व्ही 4 चे आणि त्यासाठी आधार धरलेल्या अ‍ॅश्रे 90.1-2010 या अमेरिकन ऊर्जामानकाच्या परिशिष्ट जीचे आहेत. तुमचा प्रकल्प दुसऱ्या आवृत्तीखाली नोंदलेला असेल तर आकडे त्या आवृत्तीचेच घ्या. जुन्या फाइलची एक्सेल शीट उचलून त्यात नवी इमारत भरणारे इथेच फसतात.

पात्रता अशी (मार्च 2024 पूर्वी नोंदलेल्या प्रकल्पांसाठी): बेसलाइनपेक्षा (तुलनेसाठी नियमांप्रमाणे धरलेल्या इमारतीपेक्षा) वर्षाचा ऊर्जाखर्च नव्या इमारतीसाठी किमान 5 टक्के, मोठ्या नूतनीकरणासाठी 3 टक्के आणि कोअर अँड शेलसाठी (आतलं काम भाडेकरूंवर सोडलेल्या इमारतीसाठी) 2 टक्के कमी हवा. इथे खर्च मोजला जातो, युनिट नव्हे, त्यामुळे वापरलेल्या दरपत्रकाची प्रत जोडा आणि दोन्ही मॉडेलना (बेसलाइन आणि प्रपोज्ड, म्हणजे तुमचं प्रत्यक्ष डिझाइन) तेच दर लावा. छतावरचे सोलर पॅनेल या किमान टक्केवारीत धरता येत नाहीत. "सोलरवर भागेल" असं मालकाला आधीच सांगून ठेवू नका. सॉफ्टवेअर अ‍ॅश्रे 140 प्रमाणे तपासलेलं आणि वर्षाचे 8,760 तास चालवणारं हवं. एनर्जीप्लस किंवा ईक्वेस्ट असेल तर या मुद्द्यावर कोणी अडवत नाही.

आता बेसलाइन सिस्टिम. ती मनाने निवडायची नसते. इमारतीचा वापर, मजले, वातानुकूलित क्षेत्रफळ आणि हीटिंगचा स्रोत यांवरून परिशिष्ट जीचा तक्ता सांगेल तीच घ्यायची. गोंधळ होतो तो 'वातानुकूलित' या शब्दापाशी. पाच मजली ऑफिस, एकूण बांधकाम 16,000 चौरस मीटर, त्यातलं 5,000 पार्किंग. अर्जदार 16,000 पाहतो, मर्यादा 14,000 ची आहे म्हणून चिलरवाली (पाणी थंड करणाऱ्या मशीनची) सिस्टिम 8 घेतो. पण वातानुकूलित क्षेत्र 11,000 च आहे, म्हणजे पॅकेज्ड व्हीएव्ही (हवेचा प्रवाह गरजेप्रमाणे बदलणारं तयार युनिट), सिस्टिम 6. बेसलाइनच चुकल्यावर पुढचा एकही आकडा उभा राहत नाही, सगळे रन पहिल्यापासून करावे लागतात.

सिस्टिम 5 (इंधनावरच्या हीटिंगची) नव्हे, 6 का? कारण या इमारतीत हीटिंग नाहीच, आणि हीटिंग नसेल तर 'इलेक्ट्रिक व इतर' हा रकाना धरायचा असं तक्त्याच्या टिपेत लिहिलं आहे. टीप खाली बारीक अक्षरात आहे आणि ती न वाचण्याची प्रथा पडली आहे. त्याच जातीचा आणखी एक नियम: वातानुकूलित जागा प्रपोज्ड मॉडेलमध्ये गरम आणि थंड अशा दोन्ही प्रकारे चालवायची, इमारतीत हीटर बसणार असो वा नसो. "आमच्याकडे हीटिंगच नाही, मग रिपोर्टमध्ये कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. नियम रास्तपणा विचारत नाही, भरून टाका.

ज्या कागदापायी सगळ्यात जास्त दिवस जातात तो म्हणजे पार्ट-लोडचा (पूर्णपेक्षा कमी भारावरचा) परफॉर्मन्स डेटा. कॅटलॉगमध्ये एक फुल लोडचा आकडा असतो आणि एक आयपीएलव्ही (वेगवेगळ्या लोडवरच्या कार्यक्षमतेची भारित सरासरी). मॉडेलला हवं असतं ते वेगवेगळ्या लोडवर आणि वेगवेगळ्या बाहेरच्या तापमानाला मशीन किती वीज खातं ते. हा तक्ता विक्री विभागाकडे नसतो, इंजिनिअरिंगकडे असतो, आणि ऑर्डर निघून गेल्यावर तो मिळवणं म्हणजे फोनवर फोन. खरेदीच्या अटींतच मागून ठेवा. काही जण तो मिळाला नाही म्हणून आयपीएलव्हीच सीओपीच्या (खर्चलेल्या विजेच्या किती पट उष्णता काढली याच्या) रकान्यात टाकतात. असं करू नका. आयपीएलव्हीमध्ये फुल लोडचं वजन फक्त 1 टक्का आहे. 75 टक्के लोडला 42, 50 ला 45 आणि 25 ला 12. तो आकडा फुल लोडच्या जागी बसवला की चिलर कागदावर भलताच गुणी होतो, आणि परीक्षक मशीनच्या स्पेसिफिकेशनशी ताडून पाहतोच.

व्हीआरएफवाल्यांसाठी (बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिटं चालवणारी एसी) वेगळी सूचना. ईक्वेस्टमध्ये व्हीआरएफ सरळ बसत नाही, जुळवाजुळव करावी लागते, आणि ती कशी केली याचं एक पानी टिपण जोडलं नाही तर शेरा नक्की. एनर्जीप्लसमध्ये सोय आहे, पण तिथेही डीफॉल्ट कर्व्ह (आधीच भरलेले कार्यक्षमतेचे आलेख) तुमच्या मशीनचे नसतात.

पंख्याची वीज दोनदा मोजणं ही चूक चांगले इंजिनिअरही करतात. दहा टनाचं पॅकेज्ड युनिट घ्या, ईईआर (एका वॅटमागे ताशी किती बीटीयू उष्णता काढली) 11. म्हणजे दहा टनाचे ताशी 1,20,000 बीटीयू भागिले 11, साधारण 10,900 वॅट. यात आतल्या पंख्याचे, समजा, 1,100 वॅट धरलेले आहेत. मॉडेलमध्ये पंखा वेगळा भरायचा असतो, तेव्हा ते आधी काढायला हवेत. उरले 9,800. पंख्याची उष्णताही कॉइलच काढतं, म्हणून एकूण क्षमता दहा टनाचे 35.2 अधिक पंख्याचे 1.1, म्हणजे 36.3 किलोवॅट. सीओपी आला 3.7. न काढता भरला तर 3.2. बेसलाइनमध्ये 3.2 गेला की बचत आपोआप फुगते. तुम्ही मुद्दाम केलेलं नसतं, पण समोरच्याला ते मुद्दामच वाटतं. ही आकडेमोड एका शीटवर मांडून फाइलला जोडा.

क्षमतेचंही तसंच. बेसलाइनमध्ये कूलिंग 15 आणि हीटिंग 25 टक्के जास्त धरायचं असतं. प्रपोज्डमध्ये मात्र ड्रॉइंगवर जे टनेज आहे तेच, ऑटोसाइझ (सॉफ्टवेअरने स्वतः ठरवलेली क्षमता) नाही. इक्विपमेंट शेड्यूल आणि मॉडेल शेजारी ठेवून एकेक एएचयू (हवा थंड करून फिरवणारं युनिट) पेन्सिलने टिक करा. कंटाळवाणं काम आहे, पण शेरे याच्याच अभावी येतात.

अनमेट अवर्स (ठरलेलं तापमान गाठता न आलेले तास) दोन्ही मॉडेलमध्ये 300 च्या आत हवेत. एका फाइलमध्ये ते 312 वर अडले होते. टनेज वाढवून पाहिलं, आकडा हलेना. शेवटी शेड्यूल उघडलं तर माणसं नऊला येतात आणि पंखाही नऊलाच सुरू! रोजचा पहिला तास वाया, आठवड्याला सहा दिवस, वर्षाला 52 आठवडे. पंखा आठला सुरू केला, प्रश्न संपला. हा बदल दोन्ही मॉडेलमध्ये सारखाच करा. थर्मोस्टॅटची सहनमर्यादा सैल करून तास लपवण्याचा मोह मात्र टाळा, इनपुट रिपोर्टमध्ये ती दिसते.

कागदपत्रं: दोन्ही मॉडेलचे इनपुट-आउटपुट रिपोर्ट (ईक्वेस्टचे बीईपीएस, बीईपीयू, ईएस-डी, एसव्ही-ए; एनर्जीप्लसचा वार्षिक सारांश), भरलेली कॅल्क्युलेटर शीट, मेकॅनिकल ड्रॉइंग, इक्विपमेंट शेड्यूल, दरपत्रक आणि वर सांगितलेली टिपणं. एकच टनेज तीन ठिकाणी लिहायला लावण्यात काय साधतं ते लावणाऱ्यांनाच ठाऊक, पण तिन्ही जुळले नाहीत तर दोष तुमचा.

मुदतीबद्दल: इमारतीचं काम मुख्यतः पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज सादर व्हायला हवा. लोक ही दोन वर्षं माणसं राहायला आल्यापासून मोजतात आणि मधले महिने हातचे जातात. मॉडेल डिझाइनच्या टप्प्यात आधी तपासून घेता येतं, आणि घ्यावंच. पण बांधकामात चिलर बदलला असेल तर तीच मान्यता पुढे चालेल असं समजू नका, मॉडेल पुन्हा द्यावं लागतं.

शेऱ्यांना उत्तर देताना प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं आणि ते कोणत्या पानावर आहे ते लिहा. बेसलाइनला हात लावला असेल तर ती 0, 90, 180 आणि 270 अंशांवर फिरवलेले चारही रन नव्याने करा. तीन नवे आणि 90 अंशाचा जुनाच रिपोर्ट जोडलेली फाइल मी पाहिली आहे. चारही रनची सरासरी जुळत नव्हती आणि दोन महिने पुन्हा गेले.