हापसा
हापसा : विंधन विहिरीवर बसवलेला, दांड्याने चालवायचा हातपंप. मराठवाड्यात हापसा म्हटले की पंप, खालची बोअर आणि भोवतीचा ओटा हे सारेच आले. म्हणून ‘हापसा आटला’ आणि ‘धुणं हापशावर नेलं’ ही दोन्ही वाक्ये रूढ आहेत. दांडा मारणे म्हणजे हापसणे. बोअरमध्ये मोटार सोडून दांडा काढला, तरी पत्ता सांगताना ‘हापशापाशी’ असेच म्हणतात.

१९७२च्या दुष्काळात व त्यानंतर इथल्या बेसाल्टच्या कातळात विंधन विहिरी वाढल्या. त्यांवरील पंपाच्या घडणीचे श्रेय मात्र निरनिराळे वाटले जाते. आधीचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पंप परदेशी शेतघरांच्या नमुन्यांवर बेतलेले, म्हणजे एका कुटुंबापुरते. अख्खे गाव दिवसभर हापसू लागले, की सांधे झिजत आणि बीड तडके. जालन्यातील ख्रिस्ती मिशनने बिडाऐवजी पोलाद वापरून आणि अनेक सांध्यांच्या जागी एकच कणा (दांडा ज्यावर फिरतो तो आस) ठेवून नवा नमुना केला. तो ‘जालना पंप’. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १९८१चा.) सोलापुरात पुढे साखळी आली. दांड्याच्या टोकाशी चापाच्या आकाराचा तुकडा, त्यावरून साखळी आणि साखळीला गज. त्यामुळे दांडा कमानीत फिरला तरी गज सरळ वरखाली होतो. युनिसेफच्या साहाय्याने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेला ‘इंडिया मार्क २’ सोलापूर पंपावर आधारलेला असल्याने जालन्याचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. एका कण्याची कल्पना लक्षात घेता जालन्याचा वाटा आधीचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

गजाच्या टोकाचा दट्ट्या ज्यात वरखाली होतो, तो सिलिंडर पाण्यात बुडालेला असतो, म्हणून वरून पाणी ओतून पंप चढवावा लागत नाही. दट्ट्याला वाटीच्या आकाराचे वायसर (वॉशर) असतात, पूर्वी कातड्याचे, नंतर रबरी. ‘वायसर गेला’ म्हणजे दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही. तळाची झडप गळत असेल तर खूण वेगळी : रात्रभर बंद राहिलेला हापसा सकाळी बराच वेळ रिकामा मारावा लागतो, मग धार लागते. मार्क २मध्ये वायसर बदलायचा तर तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. मार्क ३ या नंतरच्या नमुन्यात पाइप रुंद असल्याने दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो.