गूगलवर जाहिरात देण्याआधी : सल्लागार व्यावसायिकांसाठी माहितीपत्रक

तुमचं काम मोजक्या लोकांना लागतं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्रासाठी तयार करणारा सल्लागार अख्ख्या पुण्याला माहीत असायची गरज नाही. भोसरीतल्या एखाद्या क्वालिटी मॅनेजरकडे मोठ्या कंपनीने प्रमाणपत्र मागितलं आणि त्याने गूगल उघडलं, की त्याला तुम्ही दिसलात म्हणजे झालं. सर्च जाहिरातीत पैसे साधारणपणे क्लिकचे लागतात, नुसतं दिसण्याचे नाही. म्हणून क्लिक कोण करतंय, हा पहिला प्रश्न.

नको असलेले शोध

‘आयएटीएफ १६९४९’ हा कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) ब्रॉड मॅचवर, म्हणजे संबंधित वाटणाऱ्या सगळ्या शोधांवर जाहिरात दाखवणाऱ्या सेटिंगवर, मोकळा सोडला, तर जाहिरात अशा शोधांवरही दिसू शकते : ‘आयएटीएफ १६९४९ पीडीएफ’, ‘इंटर्नल ऑडिटर कोर्स फी’, ‘क्वालिटी इंजिनिअर जॉब चाकण’. यातलं कुणीही तुम्हाला काम देणार नाही, पण क्लिकचे पैसे जाणारच. म्हणून सुरुवात फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅच या जास्त काटेकोर सेटिंग्जने करायची, आणि जॉब, सॅलरी, पीडीएफ, फ्री हे शब्द पहिल्याच दिवशी निगेटिव्ह यादीत (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात नको, त्या यादीत) घालायचे. इथे एक बारकावा आहे : निगेटिव्हमध्ये ‘जॉब’ घातला तरी ‘जॉब्स’ सुटतो, एकवचन आणि अनेकवचन दोन्ही घालावं लागतं. ‘कोर्स’ मात्र आम्ही, म्हणजे तुमच्या जाहिराती सांभाळणारी एजन्सी, तुम्हाला विचारल्याशिवाय बंद करत नाही, कारण काही जण प्रशिक्षणही देतात.

नंतर दर आठवड्याला सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी, वाचायचा. फार कमी वेळा झालेले शोध गूगल त्यात दाखवत नाही, आणि तुमच्या धंद्यात बहुतेक शोध तसेच असतात. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

ठिकाण आणि वार

गूगलची मूळ सेटिंग त्या भागात असलेल्यांबरोबरच त्या भागात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवते. काम फक्त इथलंच घेत असाल तर ती बदला. नुसतं ‘पुणे’ शहर निवडलं तर रांजणगाव हातचं जातं. चाकण, तळेगावसुद्धा वेगळे घाला.

‘सोमवार ते शुक्रवार’ हे तयार वेळापत्रक इथे चालत नाही. आपल्याकडच्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि रविवारी काम चालू. रविवारी जाहिरात लावायची, तर फोन उचलायलाही कुणीतरी हवं.

पैसे

रोजचं बजेट ५०० रुपये ठेवलंत, तर एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च दिसेल. घाबरू नका, बजेट मध्येच बदललं नाही तर महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी. खात्यात जीएसटी क्रमांक भरलेला असावा. इनपुट क्रेडिटचं तुमच्या सीएंना विचारा.

खातं तुमच्या नावावर, कार्ड तुमचं. आम्ही फक्त मॅनेजर म्हणून जोडले जातो आणि आमची फी वेगळी घेतो. उद्या आम्हाला सोडलंत तरी खातं आणि त्यातला इतिहास तुमच्याकडेच राहतो. कोणत्याही एजन्सीकडे गेलात तरी ही अट सोडू नका.

आकड्यांचं काय?

महिन्याला चार-पाच चौकश्या येत असतील, तर ऑटोमॅटिक बिडिंगला (क्लिकचा दर गूगलने आपोआप ठरवण्याला) शिकायला फारसं काही मिळत नाही. म्हणून सुरुवातीला क्लिकचा कमाल दर आम्ही स्वतः बांधतो. आपल्याकडे फॉर्म भरण्यापेक्षा लोक थेट फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करतात. त्या बटणांवरचे क्लिक मोजता येतात, पण पुढे काम मिळालं का, हे तुम्हीच वहीत लिहायचं. जाहिरातीवरून येणारा माणूस होमपेजवर नको, त्याच एका सेवेच्या पानावर उतरू दे.

पहिल्या भेटीला येताना

तुमच्या अलीकडच्या ग्राहकांनी पहिल्या फोनवर काय विचारलं होतं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. ‘ऑडिट क्लिअर करून द्याल का?’ असलं वाक्य आम्हाला तुमच्या ब्रोशरपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ते शब्द कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे कोणते शब्द किती शोधले जातात हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, टाकून बघू. कुणी शोधतच नसेल, तर जाहिरात देऊ नका असंच सांगू, आणि त्या भेटीचे पैसे घेणार नाही.